विज्ञानकथा, स्त्रिया आणि चारचौघांतले वाचन

‘विज्ञानकथा’ म्हटले की आपल्याकडील सर्वसाधारण वाचकाच्या डोळ्यांपुढे अग्निबाण, यंत्रमानव आणि परग्रहावरून आलेले विचित्र प्राणी उभे राहतात. ‘स्त्रीवाद’ म्हटले की मोर्चे, घोषणा आणि वर्तमानपत्रांतील वादंग आठवतात. या दोहोंची सांगड घालून कोणी ‘स्त्रीवादी विज्ञानकथा’ असा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू उमटते. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करीत असल्यामुळे हे हसू माझ्या चांगल्या परिचयाचे झाले आहे. ते प्राध्यापकांच्या खोलीत दिसते, विद्यार्थ्यांच्या घोळक्यात दिसते आणि विद्यार्थिनींच्या चेहऱ्यावरही दिसते. “सर, हे असले वाचून काय होणार?” हा प्रश्न त्या हसण्याच्या पाठोपाठ येतोच.

प्रश्न वावगा नाही. माझे उत्तर असे की, एकट्याने वाचले तर फारसे काही होणार नाही. एकांतात वाचलेली अशी कथा एक तर गंमत वाटते, नाही तर प्रचार वाटतो. आणि दोन्ही प्रकारे ती मिटून ठेवता येते. तीच कथा दहाबारा जणांनी, त्यांतही मुलगे आणि मुली यांनी मिळून, वाचली आणि तिच्यावर हुज्जत घातली, तर मात्र ती सहजासहजी मिटत नाही. हे वाङ्मय चर्चेतून जन्माला आले आहे, चर्चेवर वाढले आहे आणि चर्चेतच वाचले गेले पाहिजे, असे माझे मत आहे. ते येथे मांडण्याचा माझा प्रयत्न आहे.

स्त्रीवादी विज्ञानकथेची व्याख्या करण्याच्या भरीस मी पडत नाही. विज्ञानकथा ‘असे झाले तर?’ असे विचारते. ते विचारताना ती ग्रह बदलते, काळ बदलते, यंत्रे बदलते. परंतु घर मात्र पुष्कळदा जसेच्या तसे ठेवते. हजार वर्षांनंतरच्या अंतराळयानातही चहा करायला बाईच उठते. स्त्रीवादी विज्ञानकथा त्या घरालाच हात घालते. मूल कोणी वाढवायचे, स्वयंपाक कोणी करायचा, रात्री रस्त्याने कोणी हिंडायचे, प्रयोगशाळेची किल्ली कोणाच्या हाती असावी, हे सारे नाही तर दुसरे कसे असू शकेल, याची ती कल्पना करून पाहते. ही कल्पना कित्येकदा चुकते, कित्येकदा भडक होते. पण तिच्यामुळे आपण ज्याला निसर्गनियम समजत होतो तो नुसता रिवाज होता की काय, अशी शंका मनात येते. माझ्या मते शंका येणे ही वाचनाची लहान मिळकत नव्हे.

या वाङ्मयावर पहिला आक्षेप असा की हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. १९०५ साली मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’ या मासिकात ‘सुलतानाज ड्रीम’ नावाची इंग्रजी कथा छापून आली. लेखिका होत्या बेगम रोकेया सखावत हुसेन. आजच्या बांगलादेशातील रंगपूर भागात १८८० साली त्यांचा जन्म झाला. घरात कडक पडदा. मुलींना बंगाली व इंग्रजी शिकवण्याची रीत नव्हती. थोरल्या भावाने घरच्यांच्या नकळत त्यांना शिकवले. त्यांच्या कथेतील सुलताना स्वप्नात ‘लेडीलँड’ या देशी जाते. तेथे पुरुष मर्दान्यात, म्हणजे आत, आणि स्त्रिया बाहेर. तेथील स्त्रियांच्या एका विद्यापीठाने ढगांतून पाणी उतरवून घेण्याची युक्ती शोधली आहे, दुसऱ्याने सूर्याची उष्णता साठवण्याची. स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर होतो, त्यामुळे चुलीचा धूर नाही. मुलीचे लग्न एकविसाव्या वर्षाआधी करायचे नाही असा राणीचा हुकूम आहे. कचेरीचे काम दोन तासांत उरकते, कारण पुरुषांचा बाकीचा वेळ चिरूट ओढण्यात जात असे! शत्रूचे सैन्य येते तेव्हाही तलवार चालत नाही. विद्यापीठातील स्त्रिया साठवलेले सूर्यकिरण त्याच्यावर सोडतात. अमेरिकेत शार्लट पर्किन्स गिलमन यांनी ‘हरलँड’ ही स्त्रियांच्या देशाची कादंबरी लिहिली ती १९१५ साली, म्हणजे यानंतर दहा वर्षांनी. तेव्हा कोण कोणाचे अनुकरण करीत होते?

आणि ही कथादेखील चर्चेवाचून राहिली नाही. रोकेयांचे पती भागलपूरला डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. ते दौऱ्यावर असताना वेळ जावा म्हणून त्यांनी ती लिहिली. पती परतल्यावर त्यांनी ती उभ्याउभ्याच वाचून काढली आणि हा तर भयंकर सूड झाला, अशा अर्थाचे उद्गार काढले, असे सांगतात. ते रागाने नव्हे, कौतुकाने. त्याच कौतुकामुळे ती छापखान्यापर्यंत पोहोचली. पुढे १९०९ साली पतीच्या निधनानंतर त्यांनी त्यांच्याच नावाने मुलींची शाळा काढली व १९११ मध्ये ती कलकत्त्यास नेली. स्वप्न लिहिणारी बाई स्वप्न लिहून थांबली नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मराठीतही या प्रश्नाची परंपरा आहे. काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८) यांची ‘पालखीचा गोंडा’ ही कादंबरी १९२८ साली प्रसिद्ध झाली. एका संस्थानाचा कारभार स्त्रीच्या हाती आल्यावर काय घडू शकेल याचे चित्र तीत आहे. ती विज्ञानकथा नव्हे, तिच्यात यंत्रे नाहीत. परंतु ‘असे झाले तर?’ हा प्रश्न तोच आहे. आज हे पुस्तक किती विद्यार्थ्यांना नावाने तरी ठाऊक आहे? आपल्या घरचे विसरायचे आणि मग बाहेरचे म्हणून नाक मुरडायचे, ही सवय आपण सोडली पाहिजे.

हे वाङ्मय चर्चेतून जन्माला आले असे मी वर म्हटले. ते शब्दशः खरे आहे. १८१६ च्या उन्हाळ्यात जिनीव्हाच्या सरोवराकाठी कवी बायरन, कवी शेली आणि त्यांची मित्रमंडळी पावसामुळे घरात अडकून पडली होती. प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहावी अशी टूम निघाली. निर्जीवात जीव कसा येत असेल, यावर बायरन आणि शेली यांचे तासन्‌तास बोलणे चाले. अठरा वर्षांची मेरी ते ऐकत असे. आपण त्या संभाषणात जवळजवळ मूक श्रोती होतो, असे तिने १८३१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत लिहून ठेवले आहे. त्या मूक श्रोतीने ‘फ्रँकेन्स्टाइन’ लिहिली. १८१८ साली ती प्रसिद्ध झाली तेव्हा पुस्तकावर तिचे नाव नव्हते. स्त्रीच्या पोटाविना माणूस घडवणारा आणि घडवून झाल्यावर त्याच्यापासून पळ काढणारा शास्त्रज्ञ ही त्या गप्प बसलेल्या मुलीची कल्पना आहे. बैठकीत गप्प बसलेले माणूस विचार करीत नसते असे आपण समजतो, ते किती खोटे आहे!

दुसरे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. १९७०–८० या दशकात अमेरिकेत जोआना रस, अर्सुला ल ग्विन, व्हॉन्डा मॅकिन्टायर, सूझी मॅकी चार्नास अशा लेखिकांची एक फळीच उभी राहिली. बाल्टिमोरच्या जेफ्री स्मिथ या हौशी संपादकाने ‘खट्रू’ नावाच्या आपल्या छोट्या नियतकालिकासाठी १९७४–७५ मध्ये ‘विज्ञानकथा आणि स्त्रिया’ या विषयावर पत्रांतून चर्चा घडवून आणली. या लेखिकांबरोबर सॅम्युअल डिलेनी आणि जेम्स टिपट्री हे लेखकही तीत होते. टिपट्री हे मोठे गूढ गृहस्थ. त्यांना कोणी पाहिले नव्हते. सारा व्यवहार टपालाने. त्यांच्या कथा गाजत होत्या. यांच्या लेखणीत खास पुरुषी काही तरी आहे, असे रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांच्यासारख्या नामवंत लेखकाने १९७५ साली त्यांच्या कथासंग्रहाच्या प्रस्तावनेत लिहिले. ‘खट्रू’च्या चर्चेत टिपट्री मातृत्वाविषयी बोलू लागले तेव्हा लेखिकांना ते रुचले नाही. पुरुषाने आम्हांला आईपण काय शिकवावे? अखेर त्यांनी चर्चेतून बाजूला व्हावे असे ठरले. आणि १९७६ च्या अखेरीस उघडकीला आले की जेम्स टिपट्री म्हणजे अॅलिस शेल्डन नावाच्या साठी उलटलेल्या बाई! आईच्या मृत्यूनंतर वर्तमानपत्रांत आलेल्या मृत्युलेखावरून वाचकांनी ओळख पटवली.

या प्रसंगावर दोन्ही बाजूंना हसता येते. ‘पुरुषी लेखणी’ ओळखणारे फसले आणि ‘पुरुषाचे बोलणे’ ओळखणाऱ्याही फसल्या. पण माझ्या मते नुसते हसून हा प्रसंग सोडणे बरे नव्हे. त्या लेखिका काही मूर्ख नव्हत्या. जन्मभर पुरुषांनी समजावून सांगितलेले ऐकून त्या कंटाळल्या होत्या, आणि एकदा तरी आपसांत बोलावे ही त्यांची इच्छा रास्त होती. तरीही एक बोलण्यासारखा माणूस त्यांनी बाहेर घालवला हेही खरे. चर्चेत काय बोलले गेले याबरोबरच कोण बोलले हेही आपण तोलत असतो, आणि त्या तोलण्यात चूक होऊ शकते, एवढे या प्रसंगावरून शिकावे. ती चर्चा १९९३ साली नव्या टिपांसह पुन्हा छापली गेली, यावरून ती किती काळ लोकांच्या मनात राहिली ते समजते.

येथे आपल्या जयंत नारळीकरांची आठवण होते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवली होती. परीक्षकांनी नावाकडे पाहून नव्हे, कथेकडे पाहून निर्णय द्यावा, ही त्यामागची इच्छा. नारळीकरांना कीर्ती झाकावी लागली. शेल्डनबाईंना स्त्रीत्व झाकावे लागले. दोन्ही मुखवटेच, पण ते चढवण्याची कारणे किती निराळी!

‘खट्रू’नंतर ही चर्चा थांबली नाही. १९७७ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे ‘विस्कॉन’ या नावाने पहिले संमेलन भरले आणि स्त्रीवादी विज्ञानकथेच्या वाचकांना दरवर्षी समोरासमोर बसून वाद घालण्याची जागा मिळाली. १९९१ साली तेथेच टिपट्री यांच्या नावाने एका पुरस्काराची घोषणा झाली. त्याचा निधी कसा उभारला? वाचकांनी घरी केक आणि बिस्किटे करून विकली! पुढे त्या नावावरही वाद झाला व २०१९ साली पुरस्काराचे नाव बदलण्यात आले. सांगण्याचा मुद्दा असा की या वाङ्मयामागे विद्यापीठांची विभागप्रमुख मंडळी नव्हती. हौशी वाचक, टपाल आणि घरगुती केक यांच्या बळावर ते उभे राहिले. मग आपल्यासारख्या तालुक्याच्या गावच्या कला महाविद्यालयाने हे आपल्या आवाक्याबाहेरचे का मानावे?

आमच्या ग्रंथालयात शनिवारी जे वाचनमंडळ भरते त्याची पद्धत साधी आहे. एकजण वाचतो, दुसरा मराठीतून अर्थ सांगतो, आणि कोणीही मध्येच अडवू शकतो. ही पद्धत मी कोणत्या परदेशी पुस्तकातून घेतलेली नाही. चातुर्मासात घरोघर पोथी लागते तेव्हा एकाने ओवी वाचायची, दुसऱ्याने अर्थ सांगायचा आणि ऐकणाऱ्या बायकांनी मधूनमधून आपल्या संसारातील दाखले द्यायचे, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. वाचन ही एकट्याने मान खाली घालून करायची गोष्ट आहे असे आपण अलीकडे मानू लागलो; आपली जुनी रीत चारचौघांतली आहे.

‘सुलतानाज ड्रीम’ वाचली तेव्हा पुरुषांना मर्दान्यात कोंडल्याचे ऐकून मुलगे खूप हसले. मग एकजण गंभीर होऊन म्हणाला, “पण सर, हा न्याय नव्हे. हा उलटा अन्याय झाला.” लगेच एक विद्यार्थिनी म्हणाली, “म्हणजे सुलटा अन्याय होता, एवढे तरी कबूल?” त्या दिवशीची चर्चा इथेच संपती तर ती वक्तृत्वस्पर्धेतील टोल्याइतकीच राहिली असती. परंतु मागच्या बाकावरून आणखी एका मुलीने विचारले, “या लेडीलँडमध्ये झाडलोट कोण करते? संडास कोण साफ करते?” आम्ही कथा पुन्हा चाळली, त्याचा उल्लेख आम्हांला आढळला नाही. सर्व स्त्रिया एकाच घरच्या नसतात, हे कथेला ठाऊक नसले तरी त्या मुलीला ठाऊक होते. मी एकट्याने ही कथा चार वेळा वाचली असेल, तरी माझ्या घरी कधी कोणाला झाडू घेऊन दुसऱ्याच्या अंगणात जावे लागले नसल्याने तो प्रश्न माझ्या वाचनात येण्यासारखाच नव्हता. एकत्र वाचण्याचा हा सर्वांत मोठा लाभ आहे.

भाषेच्या प्रश्नावर तर आमचे दोन शनिवार गेले. ल ग्विन यांची ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ ही १९६९ सालची कादंबरी. गेथेन नावाच्या अतिथंड ग्रहावरील माणसे महिन्यातील बहुतेक दिवस स्त्रीही नसतात आणि पुरुषही नसतात. ठराविक दिवसांपुरते त्यांच्यातील कोणी स्त्री होते, कोणी पुरुष. आपण काय व्हायचे हे आधी ठरवता येत नाही. त्यामुळे एकच व्यक्ती एका मुलाची आई आणि दुसऱ्याचा बाप असू शकते. मूळ इंग्रजीत लेखिकेने या सर्वांना पुल्लिंगी सर्वनाम वापरले आहे. इंग्रजीत अडचण तेवढीच. मराठीत मात्र क्रियापदही लिंग विचारते. ‘आला’ म्हणावे की ‘आली’? ‘आले’ म्हणावे तर ते नपुंसकलिंगी एकवचन की आदरार्थी बहुवचन, याचा घोटाळा. ‘मी जातो’ किंवा ‘मी जाते’ यांपैकी एक निवडल्यावाचून मराठीतल्या ‘मी’ला बाहेर पडतासुद्धा येत नाही! त्या कादंबरीत एक राजा गरोदर असतो. अर्थ सांगणारी मुलगी अडखळली आणि म्हणाली, “राजाला दिवस गेले.” सारे हसले. पण मग कोणाच्या तरी लक्षात आले की येथे क्रियापद ‘दिवसां’शी जुळते, राजाशी नाही. मराठीनेच एक वाट मोकळी ठेवली होती. व्याकरणाच्या तासाला जांभया देणारी मुले त्या दिवशी कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोगांवर भांडत होती.

ल ग्विन यांनी १९७६ च्या एका निबंधात आपल्या पुल्लिंगी सर्वनामाचे समर्थन केले होते. १९८७ मध्ये त्यांनी त्याच निबंधाला टिपा जोडल्या आणि आपले पहिले मत बदलल्याचे सांगितले. मधल्या वर्षांत वाचकांनी, विशेषतः स्त्रीवादी वाचकांनी, त्यांच्याशी वाद घातला होता. एवढ्या मोठ्या लेखिकेने वाचकांचे ऐकून जाहीरपणे मत बदलावे आणि जुने मतही पुसून न टाकता शेजारी तसेच ठेवावे, हे मला त्यांच्या कादंबरीइतकेच मोलाचे वाटते.

झाडलोटीच्या त्या प्रश्नामुळे आम्ही ऑक्टेविया बटलर यांच्याकडे वळलो. बटलर या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिका. त्यांची आई लोकांच्या घरी मोलकरणीचे काम करीत असे. १९७९ च्या ‘किंड्रेड’ या कादंबरीत त्यांनी १९७६ सालची एक स्त्री गुलामगिरीच्या काळातील मेरीलँडमध्ये नेऊन सोडली. आम्ही वाचली ती त्यांची १९८४ सालची ‘ब्लडचाइल्ड’ ही कथा. परग्रहावर आश्रयाला गेलेली माणसे आणि तेथील बलाढ्य प्राणी यांच्यात असा व्यवहार ठरला आहे की, माणसांच्या प्रत्येक कुटुंबाने एक मूल द्यायचे आणि त्याच्या शरीरात त्या प्राण्याने अंडी घालायची. स्त्रियांना माणसांची मुले व्हायची असतात, म्हणून यासाठी बहुधा मुलगेच निवडतात. गॅन नावाचा मुलगा एका पुरुषाचे असे बाळंतपण डोळ्यांनी पाहतो आणि त्याच रात्री त्याची स्वतःची पाळी येते. ही गुलामगिरीची कथा आहे असे अनेक वाचकांनी मानले; लेखिकेने ते नाकारले आणि आपण पुरुषाच्या गरोदरपणाची कथा लिहिली असे सांगितले. तरी वाद मिटला नाही, आणि मिटू नये.

वाचन संपल्यावर मुलगे बराच वेळ बोलले नाहीत. एकजण म्हणाला, “सर, हे किळसवाणे आहे.” एका मुलीने विचारले, “किळस कशाची आली? बाळंतपणाची, की ते पुरुषाला झाले त्याची?” त्याला उत्तर देता आले नाही, पण त्याने प्रश्न टाळलाही नाही, हे त्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे. मग त्या मुलाची संमती खरी की खोटी, यावर बोलणे सुरू झाले. नकार देण्याची सोय नसताना विचारले काय आणि न विचारले काय, असे बहुतेकांचे मत पडले. तेव्हा एरवी कधी न बोलणारी एक विद्यार्थिनी म्हणाली, “त्याला निदान विचारले तरी.” तिचे लग्न त्या दिवाळीत ठरले होते, हे तिच्या मैत्रिणींना ठाऊक होते. त्यानंतर त्या दिवशी कोणी काही बोलले नाही. परीक्षा झाल्यावर तिचे लग्न झाले. कथेची झेरॉक्स प्रत तिने परत केली नाही, आणि मीही मागितली नाही.

त्या बैठकीनंतर काही विद्यार्थिनी मला भेटल्या व मंडळ फक्त मुलींचे असावे अशी मागणी त्यांनी केली. “मुलगे असले की अर्धा वेळ त्यांना समजावण्यात जातो,” असे त्यांचे म्हणणे. मागणी मान्य झाली तर मंडळातून बाहेर पडणारा पहिला मीच, तेव्हा माझे मत निःपक्षपाती आहे असा दावा मी करीत नाही. शेवटी असे ठरले की महिन्यातील शेवटचा शनिवार मुलींचा. मी कपाट उघडून द्यायचे आणि निघून जायचे. बाकीचे शनिवार सर्वांचे. शेवटच्या शनिवारी तेथे काय बोलणे होते ते मला ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याचे कारणही नाही. मात्र त्यानंतर इतर शनिवारी मुली अधिक मोकळेपणाने बोलू लागल्या, हे मी पाहिले. ‘खट्रू’तील लेखिकांची गरज मला त्यामुळे अधिक समजली. स्वतंत्र जागा हवी. पण एकत्र जागा मोडून नव्हे. कारण ‘किळस कशाची आली?’ हा प्रश्न फक्त मुलींच्या बैठकीत विचारलाच गेला नसता. तेथे तो विचारण्याची गरजच नव्हती.

आणखी एक साधी गोष्ट. पूर्वी बैठक दुपारी चारला असे. बाहेरगावच्या मुली साडेचारच्या एस. टी.साठी उठून जात आणि चर्चा रंगात आली की खोलीत मुलगेच उरत. मुली चर्चेत भाग घेत नाहीत, असा निष्कर्ष काढायला आम्ही मोकळे! बैठक साडेबारावर आणली आणि तो निष्कर्ष आपोआप खोटा ठरला. लेडीलँडच्या रस्त्यांवरून स्त्रिया निर्धास्त हिंडतात, हे वाचताना ज्यांना अंधारापूर्वी घर गाठायचे असते त्यांना त्या कथेतला सर्वांत अद्भुत भाग कोणता वाटत असेल? सूर्यकिरणांचे शस्त्र खचितच नव्हे.

दुसरा आक्षेप, की यात विज्ञान कोठे आहे? मी म्हणतो, आपल्या महाराष्ट्राने तरी हे विचारू नये. गर्भजलाची तपासणी आणि सोनोग्राफी ही विज्ञानाचीच देणगी. तिचा उपयोग मुलगी जन्मू न देण्यासाठी होऊ लागला, म्हणून स्त्रीसंघटनांना आणि कार्यकर्त्यांना लढा द्यावा लागला आणि १९८८ साली महाराष्ट्राने देशात प्रथम त्यावर कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ सालचा. मंजुळा पद्मनाभन यांची ‘एस्केप’ ही २००८ सालची कादंबरी अशाच एका देशाची आहे. तेथे स्त्रिया नाहीशा केल्या आहेत आणि उरलेल्या एकुलत्या एका मुलीला तिचे तीन काका लपवून वाढवीत आहेत. मार्ज पिअर्सी यांनी १९७६ च्या ‘वुमन ऑन द एज ऑफ टाइम’ या कादंबरीत मूल यंत्रात वाढते आणि त्याला तीन ‘आया’ असतात, त्यांत पुरुषही असतात, अशी कल्पना केली. पुढे दोनच वर्षांनी, १९७८ मध्ये, इंग्लंडमध्ये आणि पाठोपाठ कलकत्त्यास परीक्षानळीतील बालक जन्माला आले. आणि पैसे घेऊन दुसऱ्याचे मूल पोटात वाढवण्यास बंदी करणारा कायदा आपल्या संसदेने २०२१ साली केला. गर्भाशय कोणाचे, निर्णय कोणाचा, हे प्रश्न कथांमधून कायद्याच्या पुस्तकात आले आहेत. कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी त्यांवर बोलायचे नाही तर कोणी?

राहता राहिला अभ्यासाचा प्रश्न. हे पुस्तक नेमलेले नाही, याला गुण नाहीत, हे खरे आहे. त्याला माझ्याकडे युक्तिवाद नाही. फक्त एवढे सांगतो की नेमलेल्या पुस्तकांवर इतके मनापासून भांडताना मी विद्यार्थ्यांना पाहिलेले नाही.

मराठीत शुभदा गोगटे, मेघश्री दळवी यांच्यासारख्या लेखिकांनी विज्ञानकथा लिहिली आहे. आमच्या पुढच्या वर्षीच्या यादीत मराठी कथांना पहिले स्थान आहे. ‘पालखीचा गोंडा’ही आम्ही लावणार आहोत. ज्यांना मंडळात येणे जमत नाही त्यांनी निदान एवढे करावे: ‘सुलतानाज ड्रीम’ ही लहानशी कथा आहे, तिची प्रत ग्रंथालयात मिळेल. ती घरी न्यावी आणि रात्री जेवणे झाल्यावर आई, वडील, आजी, भाऊ जे कोणी असतील त्यांना मराठीतून मोठ्याने सांगावी. कोण कोठे हसते, कोण कोठे गप्प होते आणि त्या वेळी ओट्याशी भांडी आवरत कोण उभे असते, याकडे लक्ष द्यावे. मग शनिवारी साडेबारा वाजता येऊन आम्हांला ते सांगावे.